गोव्यात पदवीपर्यंतची फी सगळ्यांनाच माफ व्हावी का?

रानवाट

मंडळी, बारावीचा निकाल लागला की आमच्या सत्तरी तालुक्यात घरोघरी दोनच प्रश्न असतात. पुढे काय, आणि किती लागतील.

माझं मत आधीच सांगते. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत पदवीपर्यंतची फी कोणाकडूनच घेऊ नये. उत्पन्न विचारू नये, जात विचारू नये, मुलगा की मुलगी तेही बघू नये. प्रवेश मिळाला की वर्गात येऊन बसावं.

मी अकरावी-बारावीला शिकवते. "योजना आहेत की" हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. आहेत, खरंच आहेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी, म्हणजे शिक्षणासाठीची मदत, आहे, वेगवेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. पण योजना म्हटली की आधी उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी मामलेदार कचेरी, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, बँकेचं खातं, आणि बऱ्याच ठिकाणी पैसे आधी स्वतः भरा, परतावा मागाहून. जूनमध्ये ज्या घरात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरायचे पैसे जेमतेम जमतात, त्या घराला "मागाहून" परवडत नाही. आई रोजंदारीवर जाते. दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या की तिची दोन दिवसांची मजुरी जाते. मग मुलगी म्हणते, बाई, मी यंदा दुकानात लागते, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघणाऱ्या मुली मला फारशा दिसलेल्या नाहीत.

१९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावागावांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तिथे कोणी बापाचं उत्पन्न विचारलं नाही, म्हणून तर आमच्या आयांच्या पिढीला अक्षरओळख झाली. तेव्हा चौथी पास माणसाला जी किंमत होती ती आज पदवीलाही नाही. मग फुकटची रेघ अजून तिथेच का?

सहमत असाल तर सांगा. नसाल तर रेघ कुठे ओढायची तेही सांगा.

म्हादई

+१. दाखल्यांबद्दल शब्दन् शब्द खरा. सर्व्हर डाउन ही फीच आहे एक प्रकारची.

हिशेबनीस

बाई, तळमळ पोचली, तरी मी विरोधात आहे. कारणं सांगतो.

अनुदानित महाविद्यालयात बीए, बीकॉमला जी फी असते ती मुळात खर्चाचा छोटासा हिस्सा असते. प्राध्यापकांचे पगार सरकारच देतं. म्हणजे शिक्षण बरंचसं फुकट आहेच. उरलेलं माफ केलं तर म्हापशातल्या माझ्या मुलाला, जो स्वतःच्या स्कूटरवरून जातो, तेवढीच सूट मिळेल जेवढी तुमच्या विद्यार्थिनीला. मला ती नको. ते पैसे वाळपई, सांगे, काणकोणच्या मुलांच्या राहण्या-जेवणाला द्या.

आणि हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच बजावलं होतं. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि सरकार तो उधळतं वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आधी प्राथमिक शाळा नीट करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या गावची सरकारी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडली, आणि आपण पदवी फुकट करायच्या गोष्टी करतोय.

दोडामार्ग

"सगळ्यांना" म्हणजे नक्की कोणाला? आम्ही सिंधुदुर्गवाले त्यात येतो की नाही? कामाला गोव्यात, बाजाराला गोव्यात, मुलं शिकायला गोव्यात. जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा आमच्याकडे काय वाटलं ते आठवतंय. फीचंही तसंच होणार असेल तर "सगळ्यांना" लिहू नका, "गोंयकारांना" लिहा.

जुना पणजीकर

या धाग्यावर लिहायला हवंच.

आज कदंबच्या सरकारी बसमध्ये मुलं अर्ध्या दरात प्रवास करतात. ती सवलत कोणी ताटात वाढून दिलेली नाही. १९७८-७९ साली आम्ही विद्यार्थी तिच्यासाठी रस्त्यावर उतरलो होतो. तेव्हा बसेस सगळ्या खासगी. मालक पोरांना बघून गाडी थांबवत नसत, थांबवली तर आत शिरताना चार शब्द ऐकवत. महाविद्यालयं बंद पडली, मोर्चे निघाले, लाठ्या खाल्ल्या. पन्नास टक्के सवलत मिळाली आणि पाठोपाठ १९८० साली कदंब महामंडळ उभं राहिलं.

आता मुद्दा. ती सवलत मागताना आम्ही "गरीब विद्यार्थ्यांना" असं म्हटलं नव्हतं. म्हणावं असं सुचवणारे होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पोराला कशाला अर्धं तिकीट, असंही विचारत होते. पण भाटकाराचा पोर आमच्याबरोबर मोर्चात होता, कारण सवलत त्याचीही होती. फक्त भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांच्या पोरांसाठी ती मागितली असती तर मोर्चा निम्मा झाला असता, आणि मिळाल्यावर ती टिकवायला कोणी उरलं नसतं. जी गोष्ट सगळ्यांची असते ती काढून घ्यायला सरकार कचरतं. फक्त गरिबांची असते ती एखाद्या अंदाजपत्रकात गुपचूप निम्मी होते.

हिशेबनीसबाब, फुल्यांचा दाखला तुम्ही बरोबर दिलात, पण सालही ध्यानात घ्या. १८८२ मध्ये महाविद्यालयाच्या दारात रयतेचं पोर नव्हतं. आज ते दारात उभं आहे. आजचा जमाखर्च मांडायचा तर रयत कोणत्या बाजूला आहे ते आधी बघावं लागेल.

चिमुलकर्णी

काका, तुमच्या त्या अर्ध्या तिकिटाला माझा साष्टांग नमस्कार. फोंडा-पणजी बसमध्ये मला पदवीही मिळाली आणि बायकोही!

म्हादई

@चिमुलकर्णी, पूर्ण तिकीट भरणाऱ्यांना काय मिळालं ते विचारायला पाहिजे. :)

हाम्बुर्गहून

मूळचा पेडणेकर, इथे एमएस्सी करतोय. जर्मनीचं उदाहरण कोणी तरी देणारच, तेव्हा मीच नीट सांगतो.

सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. मधे काही राज्यांनी ती लावली होती, पण लोकांचा विरोध इतका झाला की एकेक राज्य माघारी गेलं. शेवटचं लोअर सॅक्सनी, २०१४ साली. बाडेन-वुर्टेम्बर्गने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो लावले. म्हणजे @दोडामार्ग यांचा प्रश्न इथेही आहेच.

पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं कोणी समजू नये. व्हिसासाठी मला वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधी खात्यात अडकवून दाखवावे लागले. सध्या तो आकडा ११,९०४ युरो आहे, रुपयांत दहा लाखांच्या वर. माझ्या बाबांनी त्यासाठी काजूची बाग गहाण टाकली. फी शून्य होती, तरी बाग गेलीच गहाण.

दुसरं म्हणजे इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. सगळे विद्यापीठाकडे येत नाहीत. बरीच मुलं कारखान्यात किंवा दुकानात पगार घेत घेत कसब शिकतात आणि त्यांना समाजात मान असतो. आपल्याकडे आयटीआयला गेलेल्या मुलाची ओळख पाहुण्यांना कशी करून देतात ते आठवा. पदवी फुकट केली आणि हे तसंच राहिलं, तर वेल्डर व्हायची हौस असलेला मुलगाही नाइलाजाने बीए करेल.

तासिकेवर

मी एका महाविद्यालयात लेक्चर बेसिसवर शिकवते. माझ्या बाजूने दोन गोष्टी.

त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर दोन तऱ्हेची मुलं असतात. बीएस्सीची अनुदानित, बीसीएची स्वयं-अर्थसहाय्यित, म्हणजे विनाअनुदानित. दुसऱ्या तऱ्हेची फी पहिलीच्या कितीतरी पट. नोकरी मिळेल अशी आशा असलेले अभ्यासक्रम बहुतेक दुसऱ्याच खात्यात उघडतात. तेव्हा हिशेबनीस सर, "शिक्षण बरंचसं फुकट आहेच" हे बीएपुरतं खरं आहे. बीसीएला बसलेल्या मुलाच्या आईला सांगून बघा.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. माझं मानधन या फीतून येतं. उद्या सरकारने फी माफ करून तेवढी रक्कम महाविद्यालयाला वेळेवर दिली नाही, तर आधी माझा तास जाईल, मग प्रयोगशाळेतली रसायनं. मी मोफत शिक्षणाच्या बाजूची आहे. पण "माफ केली" अशी घोषणा होते तेव्हा भरणार कोण, कोणत्या महिन्यात, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

खाणपट्टा

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो.

आम्ही डिचोली तालुक्यातले. वडिलांचा टिप्पर खनिजाच्या वाहतुकीवर होता. कर्ज काढून घेतलेला, पण चालला होता तोवर घर नीट होतं. भाऊ इंजिनियरिंगला, मी दहावीत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. टिप्पर दारात उभा राहिला आणि बँकेचा हप्ता चालू राहिला. भावाच्या पुढच्या सत्राचे पैसे भरायची वेळ आली. वडील सवलतीसाठी चौकशीला गेले तर कागदावर मागच्या वर्षीचं उत्पन्न. त्या कागदाप्रमाणे आम्ही बऱ्यापैकी सुखवस्तू. खिडकीपलीकडच्या माणसाचा काही दोष नव्हता, तो कागदच वाचणार. पण माझे वडील आयुष्यात प्रथमच कोणापुढे पदर पसरायला गेले होते आणि त्यांना उत्तर मिळालं की तुम्ही बसत नाही.

भावाने शिक्षण सोडलं. आज वेर्ण्याला एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. हुशार होता, माझ्यापेक्षा खूप.

तेव्हा "फक्त गरजूंना द्या" असं म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे. गरजू कोण, हे कोणत्या महिन्याच्या कागदावर ठरवणार? आमच्या पट्ट्यात एका महिन्यात शेकडो घरं गरजू झाली. २०१८ ला पुन्हा तेच. सगळ्यांना माफ असतं तर माझ्या वडिलांना त्या खिडकीपुढे उभं राहावंच लागलं नसतं.

म्हादई

@खाणपट्टा, वाचून गप्प झाले. भावाला सांगा, मुक्त विद्यापीठातून अजूनही पुरं करता येतं. माझ्या नणंदेने मुलं मोठी झाल्यावर इग्नूतून बीए केलं.

हिशेबनीस

@खाणपट्टा, तुमचं म्हणणं मला मान्य करावंच लागेल. उत्पन्नाचा दाखला मागे बघतो आणि संकट पुढे असतं. हिशेबाच्या धंद्यात असल्याने मला ते रोज दिसतं. नोकरदाराचं उत्पन्न पैशापर्यंत कागदावर, आणि शॅक चालवणाऱ्याचं त्याला हवं तेवढंच. म्हणजे दाखल्यावरून गरीब ठरवताना खरा गरीब सुटतो आणि चतुर माणूस आत येतो.

तरी सरसकट माफी हाच एक उपाय आहे असं मला वाटत नाही. आयआयटीत २०१६ साली फी नव्वद हजारांवरून दोन लाख केली, पण सोबतच एक लाखाखाली उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी, एक ते पाच लाखांना दोन तृतीयांश माफी, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग मुलांना पूर्ण माफी ठेवली. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये विद्यापीठं सगळ्यांना फुकट केली होती. १९८९ पासून नवी पद्धत आणली. आधी शिका, कमाई ठरावीक रकमेवर गेली की करासोबत थोडं थोडं फेडा. शिकताना कोणालाही दाखला नको, आणि पुढे जो कमावेल तोच भरेल. यात बाईंची रोजंदारीवरची आईही सुटते आणि खाणपट्टा यांचे वडीलही.

स्विंडनची मावशी

शिकताना नको, पुढे फेडा, हे ऐकायला बरं वाटतं. मी इंग्लंडात राहते, इथली गोष्ट ऐका. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्याहून आलेली आमची कितीतरी घरं आहेत या गावात.

इथे १९९८ साली वर्षाला १००० पौंड फी सुरू झाली. २००६ मध्ये ३०००, २०१२ मध्ये ९०००. २०२५ मध्ये ९५३५. दरवेळी हेच सांगितलं गेलं की आता काही भरायचं नाही, कमावल्यावर भरा. आता नव्याने शिकायला लागणाऱ्यांनी वर्षाला २५,००० पौंडांवरच्या कमाईतले नऊ टक्के भरायचे, चाळीस वर्षांपर्यंत. माझी भाची नर्सिंग करते आहे. तिला मी विचारलं तर म्हणाली, मावशी, हे फिटायच्या आत मी म्हातारी होईन. शेजारच्या स्कॉटलंडात तिथल्या मुलांना फी नाही. पण सरकार भरणार म्हणून जागा मोजून ठेवतात, आणि चांगले गुण असूनही काहींना जागा मिळत नाही, अशी तक्रार असते.

एकदा फी लावायचं दार उघडलं की आकडा वरच जातो. म्हणून माझं मत बाईंना.

दोडामार्ग

माझ्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही. :(

महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. चांगलंच झालं. पण माझी मुलगी गोव्यात शिकते, कारण घरापासून जवळ गोवा आहे, पुणे नाही. तिला तिथलं काही लागू नाही आणि इथलंही नाही. दोन राज्यांच्या मधे पोरगी उभी आहे.

रानवाट

@दोडामार्ग, आज हात लावते. माझ्या मते जो इथे प्रवेश घेऊन शिकतो तो "सगळ्यांत" येतो. जागांचं आरक्षण स्थानिकांसाठी जरूर ठेवा. पण एकदा वर्गात घेतलं की एकाच बाकावर दोन दर नकोत. इथे बरेच जण मान्य करणार नाहीत हे ठाऊक आहे.

जुना पणजीकर

मी नाही मान्य करणार. गोव्याचा कर गोव्याच्या मुलांसाठी. पण एक आठवण करून देतो. १९६१ पर्यंत गोव्यात १८४२ चं मेडिकल स्कूल सोडलं तर पुढचं शिकायची सोयच नव्हती म्हटलं तरी चालेल. आमचे वडील, काका बेळगाव, पुणे, मुंबईला जाऊन शिकले. धेंपे आणि चौगुले महाविद्यालयं १९६२ ची, विद्यापीठ तर १९८५ चं. म्हणजे आपल्या आधीच्या पिढ्या दुसऱ्यांच्या दारीच शिकल्या. त्यामुळे माझा विरोध आहे, पण आवाज चढवून नाही.

बांबोळी नाका

तुम्ही सगळे फीवर भांडताय. मी विद्यापीठात एमए करतो, काणकोणचा. विद्यापीठाच्या पठारावर पोचायचं तर मडगाव, पणजी, मग तिथून बस. संध्याकाळचा तास संपवून निघालो तर काणकोणची गाडी गेलेली असते. खोली करून राहतो. खोली, मेस आणि प्रवास मिळून जे जातात त्यापुढे फी काहीच नाही. फुकट काय करायचं ते निवडायला सांगितलं तर मी वसतिगृहाची खाट मागेन.

चिमुलकर्णी

मेसचा विषय काढलाच आहे तर, पठारावर बरं शीत-कढी कुठे मिळतं?

बांबोळी नाका

@चिमुलकर्णी, कँटीनमध्ये पातळभाजी-पाव बरा मिळतो. शीत-कढीसाठी घरीच जावं लागतं.

कायद्याची पोर

जेवणावरून परत येऊ या का? एक मुद्दा राहिला. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ साली सामील झाला. त्याच्या १३ व्या कलमात उच्च शिक्षण पात्रतेनुसार सगळ्यांना सारखं खुलं असावं आणि टप्प्याटप्प्याने मोफत करत जावं असं म्हटलं आहे. आपल्या घटनेतलं २१-अ कलम मात्र ६ ते १४ वयापाशी थांबतं. म्हणजे जगाला दिलेला शब्द पुढचा आहे आणि घरातला कायदा मागे. "टप्प्याटप्प्याने" हा त्यातला कामाचा भाग आहे. पहिला टप्पा कोणता, हे आपणच ठरवू शकतो.

तासिकेवर

पहिला टप्पा म्हणून सांगते. सरकारी महाविद्यालयं आधी घ्या. साखळी, खांडोळा, केपें, पेडणें आणि मडगावचं बोर्डा. तिथे फी माफ करायला कोणा संस्थेला परतावा द्यायची भानगड नाही, पगार आधीच तिजोरीतून जातो. आणि ही महाविद्यालयं आहेत तिथे आजूबाजूच्या गावांतलीच मुलं येतात, स्कूटरवाली कमी.

खाणपट्टा

साखळीपासून सुरू झालं तर आमच्या पट्ट्याला पहिला लाभ. सोबत संध्याकाळची एक जादा बस.

रानवाट

हे मला पटलं. पण पहिला टप्पा म्हणून, शेवटचा म्हणून नाही. बीसीएसारखे अभ्यासक्रम दुसऱ्या टप्प्यात आलेच पाहिजेत, नाहीतर गरिबाच्या पोराला बीए फुकट आणि नोकरीची विद्या विकत, असं होईल. बांबोळी नाका यांची खाट आणि खाणपट्टा यांची बसही त्यात धरते. हिशेबनीस सर, तुमचं काय?

हिशेबनीस

पाच सरकारी महाविद्यालयं, दाखला न मागता, लगेच. याला माझी सही. दाखले तपासायचे नसल्याने जे मनुष्यबळ वाचेल त्यातून वसतिगृहाचं काम मार्गी लावा, त्यालाही सही. अनुदानितांना सरसकट माफी द्यायला माझा विरोध कायम आहे. त्यावर चतुर्थीनंतर पुन्हा भांडू, तोपर्यंत मी खर्चाचा तक्ता करून इथे टाकतो.

जुना पणजीकर

तक्ता टाकाच. आणि बस विसरू नका त्यात.